दंतवैद्याच्या बायकोचं तोंड

पराग देशमाने सकाळ-संध्याकाळ लोकांच्या तोंडात बघायचा. कराडातली निम्मी तोंडं डॉक्टरांना आतून पाठ आहेत, असं लोक कौतुकानं म्हणत. बायकोच्या तोंडात मात्र त्यानं दोन वर्षांत डोकावून बघितलं नव्हतं.

तसं अगदी सुरुवातीला एकदा बघितलं होतं. वृषालीच्या दोन्ही गालांना आतून पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, कोळ्यानं जाळं विणायला घ्यावं आणि अर्ध्यात सोडून जावं तशा. परागनं आरसा फिरवला, बॅटरी मारली आणि हातमोजे काढता काढता निदान करून टाकलं. टेन्शन घेतेस, बी-कॉम्प्लेक्स घे, चिडचिड कमी कर. पुढचा पेशंट दारात उभा होता, त्यामुळे वृषाली खुर्चीतून उठली आणि पुन्हा जाऊन स्वागतकक्षातल्या तिच्या जागेवर बसली. दवाखान्याचा बाहेरचा सगळा कारभार तिच्याकडेच होता.

पुढे त्या रेघांच्या मधली कातडी सोलवटली. वृषाली मूळची जळगावची. वांग्याच्या भरताबरोबर हिरवी मिरची काकडीसारखी चावून खाणारी. तिला आता वरणातली मोहरीसुद्धा झोंबायला लागली. गार दूध-भाकरी, मऊ भात, केळं, एवढ्यावर तिचा संसार आला. दात घासायचे म्हणजे गालात निखारा धरायचा. लग्नकार्यात पंगतीला बसणं तिनं बंद केलं, कारण पानातलं टाकलं तर लोक विचारतात आणि सांगितलं तर उपाय सुचवतात.

आजारापेक्षा ते उपायच जास्त छळायचे. सगळ्यांचा उपाय एकच होता, की वृषालीनं शांत राहावं. नणंद म्हणाली, ध्यान कर. शेजारीण म्हणाली, तुला मनाला लावून घ्यायची सवय आहे. सासूबाईंनी तर एका वाक्यात निकालच लावला. "जीभ गार ठेवली असतीस तर तोंड आलं नसतं." आणि परागनं वाढदिवसाला मनगटी आणून दिली.

मनगटी म्हणजे त्या वर्षांत ज्याच्या त्याच्या हातात दिसायला लागलेला पट्टा. घामातली द्रव्यं आणि नाडी मोजून तो माणसाचा ताण सांगायचा. वृषालीचा आवाज जरा चढला, की मनगटातून बाईचा गोड सूर यायचा. वृषालीताई, तुमचा ताण वाढतो आहे, दीर्घ श्वास घ्या. ताणाचा आकडा परागच्या फोनवरही उमटायचा. तो दवाखान्यातून निरोप पाठवायचा, काय झालं आता? बाईमाणसाला स्वतःच्या घरात रागवायचीही सोय उरली नव्हती.

दुसऱ्या डॉक्टरकडे जायचा प्रश्नच नव्हता. दंतवैद्याच्या बायकोनं दुसऱ्या दंतवैद्याच्या खुर्चीत जाऊन आ वासायचा, म्हणजे हलवायाच्या बायकोनं समोरच्या दुकानातून पेढे आणायचे. गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. तिला नव्हे, परागला. म्हणून तिनं तोंड मिटून ठेवलं.

आणि एके काळी हेच तोंड अख्ख्या तालुक्यानं पडद्यावर बघितलं होतं.

त्याची गोष्ट अशी. परागनं एका रसायनतज्ज्ञ मित्राच्या मदतीनं दातात भरायचा एक नवा लगदा तयार केला होता. नाव ठेवलं चिरंजीव. नेहमीच्या भरावाचं दुखणं असं असतं, की त्याच्या कडेनं पुन्हा कीड शिरते आणि भराव राहतो पण दात जातो. चिरंजीवमध्ये तांबं आणि पॅलेडियम या धातूंचे डोळ्यांना न दिसणारे कण होते. ते वर्षानुवर्षं थोडेथोडे विरघळत राहायचे आणि आसपासच्या जंतूंना थारा द्यायचे नाहीत. चाचण्या झाल्या, परवानगी मिळाली. शाळाशाळांतून शिबिरं भरायला लागली. पाच वर्षांपूर्वी तालुक्यात दुसरं बोलणं नव्हतं.

देशमान्यांच्या घरात एक रीत होती. परागचे वडील अण्णा हे जुन्या वळणाचे वैद्य. नवा काढा, नवं चूर्ण केलं की आधी घरात, मग दारात, असा त्यांचा दंडक. दवाखान्यात अण्णांचा फोटो होता आणि परागला या रितीचा अभिमान होता. चिरंजीव तयार झाला तेव्हा त्याच्या स्वतःच्या दातांना कीड नव्हती. वृषालीच्या एका दाढेला होती. त्यानं तीन दाढा भरल्या. बाकीच्या दोन खणखणीत होत्या, पण पडद्यावर तीन बरे दिसतात, असं तो म्हणाला, आणि तिनंही हसत हसत दोन चांगल्या दाढा नवऱ्याच्या कौतुकापायी देऊन टाकल्या. प्रत्येक शिबिरात ती खुर्चीत बसायची, तोंडात छोटा कॅमेरा धरायची, आणि मागच्या मोठ्या पडद्यावर तिच्या दाढा लखलखायच्या. मग पराग माइकवर म्हणायचा, "माझ्या बायकोच्या तोंडात हेच आहे." त्यावर टाळ्या पडायच्या.

गालात जाळं उमटल्यावर त्यानं सांगितलं, की यापुढे कॅमेरा नको, नुसतं तोंडी सांगत जा. ती तोंडी सांगत राहिली.

मग मनगटाला खाज सुटली. मनगटीच्या पट्ट्याखाली, बरोब्बर त्याच्याच रुंदीचं, चपट्या जांभळट पुटकुळ्यांचं कडं उठलं. उजेडात धरलं की त्या चकाकायच्या. परागनं लांबूनच बघितलं आणि म्हणाला, त्वचा हा काही माझा प्रांत नाही, त्वचावाल्यांना दाखव. हे त्याच्याच तोंडचे शब्द, हे पुढे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

सरकारी रुग्णालयातल्या त्वचाविभागाच्या डॉक्टर झरीना मुल्ला पन्नाशीच्या, तुटक बोलणाऱ्या बाई. त्यांनी भिंगातून मनगट बघितलं, पुटकुळ्यांवर तेलाचा थेंब सोडून पुन्हा बघितलं, आणि भिंग खाली ठेवून म्हणाल्या, "तोंड उघडा."

वृषालीचा हात आपोआप तोंडावर गेला. "माझे मिस्टर डेंटिस्ट आहेत," ती म्हणाली.

"असू देत की. तोंड तुमचंच आहे ना?"

डॉक्टर मुल्ला पुष्कळ वेळ बघत राहिल्या. एक गाल, दुसरा गाल, जिभेच्या कडा, हिरड्या. मध्येच विचारायच्या, इथे भाजतं? इथे? रात्री झोप लागते का? वृषालीला रडू येईल असं वाटलं होतं, पण रडू आलं नाही. तिला राग आला. एवढंच करायचं होतं, एवढंच, आणि ते करायला एका परक्या बाईपर्यंत यावं लागलं.

"लायकेन प्लेनस," डॉक्टर मुल्ला म्हणाल्या. नाव ऐकून घाबरू नका, लायकेन म्हणजे आपलं मसाल्यातलं दगडफूल. खडकावर, झाडाच्या सालीवर ते पसरतं, तसं कातडीवर दिसतं म्हणून जुन्या डॉक्टरांनी हे नाव ठेवलं. ही बुरशी नाही, जंतू नाही, कुणाकडून कुणाला लागत नाही. शरीरात पहारा देणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. त्या कातडीच्या अगदी तळच्या थरावर, म्हणजे जिथून नवी कातडी तयार होते तिथे, चाल करून जातात आणि आपल्याच पेशी मारतात. मनगटावर त्याच्या पुटकुळ्या होतात, तोंडात पांढरी जाळी होते, जाळीच्या मध्ये कातडी गळून जखमा होतात.

"आपल्याच पेशी का मारतात?" वृषालीनं विचारलं.

"घरचा कुत्रा मालकावर भुंकतो का? नाही. पण मालक हेल्मेट घालून दारात आला तर?"

बहुतेक पेशंटांत हे हेल्मेट कसलं ते कळत नाही, असंही त्यांनी सरळ सांगितलं. काहींत एखाद्या औषधाचा हात असतो, काहींत यकृताच्या काविळीचा विषाणू निघतो, काहींत तोंडातला धातू. वृषालीनं सवयीनं विचारलं, की हे टेन्शननं होतं ना? डॉक्टर मुल्लांनी चष्मा काढला.

"ताणानं आग भडकते, हे मी नाकारणार नाही. पण काडी कुणी ओढली ते बघायचं सोडून बाईला शांत राहा म्हणायचं, ही डॉक्टरी नव्हे."

आणि मनगटावर का आलं, याचं उत्तर तर ऐकण्यासारखं होतं. या आजारात कातडी जिथे घासते, खरचटते, दाबली जाते, तिथेच तो नव्यानं उमटतो. ताण मोजायचा पट्टा दिवसरात्र घासत राहिला, म्हणून पट्ट्याखाली आजाराचं कडं उठलं. वृषाली हसायला लागली. तिचं हसू आवरेना. मनगटी म्हणाली, वृषालीताई, तुमचा ताण वाढतो आहे.

गालातला कणभर तुकडा काढून डॉक्टर मुल्लांनी पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवला. तिथे साक्षी नावाचं नवं यंत्र आलं होतं. प्रत्येक पहारेकरी पेशीच्या अंगावर गळासारखा एक आकडा असतो आणि प्रत्येकीचा आकडा वेगळ्या घडणीचा. ज्या घडणीचा आकडा त्या घडणीचंच सावज त्यात अडकतं. आकडा वाचणं शास्त्रज्ञांना आधीपासून जमत होतं. पण आकड्यावरून सावज ओळखणं जमत नव्हतं, कारण आकडे कोट्यवधी आणि सावजं त्याहून जास्त. अलीकडे संगणक रेणूंच्या घडणी जुळवायला शिकले आणि ते कोडं सुटलं. आता आजारी जागेतल्या पहारेकऱ्यांना पकडून विचारता येऊ लागलं, की बाबांनो, तुम्ही कुणाच्या मागावर आहात? पुष्कळदा उत्तर यायचं, घरच्याच्याच, बाहेरचं कुणी नाही. पण कधी कधी नाव निघायचं. कुणाच्या रोजच्या गोळीचं, कुणाच्या केसांच्या कलपाचं. नाव निघालं की कुठल्या ना कुठल्या घरात आदळआपट व्हायची.

निकाल आला तेव्हा डॉक्टर मुल्लांनी दार लावून घेतलं. वृषालीच्या गालातले बहुतेक पहारेकरी एकाच सावजाच्या मागे लागले होते. तिच्या स्वतःच्याच पेशीतलं एक प्रथिन, पण त्याला पॅलेडियम चिकटलेलं.

"हा धातू तुमच्या तोंडात कुठून आला?"

वृषालीची जीभ न सांगता दाढेवर गेली. एक, दोन, तीन. आणि त्यांतल्या दोन चांगल्या होत्या.

तिनं चिरंजीवचं सगळं सांगितलं. डॉक्टर मुल्लांनी तोलून-मापून उत्तर दिलं, त्यात कुणाची बाजू घेतली नाही. धातू लाळेत उतरतो, लाळेतून पोटात आणि रक्तात जातो, म्हणून मनगटही सुटलं नाही. भराव काढला तर काही महिन्यांत तोंड बरं होण्याची चांगली शक्यता आहे, तरी अधूनमधून तपासत राहायचं, कारण अशा जुन्या जखमांत क्वचित कर्करोग घर करतो. हा भराव बसवलेल्या सगळ्यांनाच असं होणार नाही. प्रत्येक पेशी आपल्या पोटात काय चाललंय त्याचे तुकडे एका ताटलीत ठेवून बाहेर धरते आणि पहारेकरी ते तपासतात. ही ताटली प्रत्येक घराण्याची वेगळी असते. ज्यांच्या ताटलीत हा धातूचा तुकडा नेमका बसतो, त्यांनाच हे दुखणं होतं. ताटल्यांचे दोन संच असतात, एक आईकडून येतो, एक वडिलांकडून.

"मुलंबाळं?"

"एक मुलगी आहे. अकरा वर्षांची."

"मग तुमची ही ताटली तिच्याकडे असायची शक्यता निम्मी. तिच्या दातात असलं काही भरायच्या आधी रक्त तपासून घ्या. साधी तपासणी आहे."

वृषाली उठली. दाराशी पोचेपर्यंत मनगटीनं दोनदा दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं. तिनं पट्टा ओढून काढला आणि रुग्णालयाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. जिना उतरेपर्यंत तो डब्यातून तिला शांत राहायला सांगत होता.

रविवारी शिबिर होतं आणि त्यासाठी परागनं मुलीचं, रेवाचं नाव ठरवलं होतं. रेवाच्या खालच्या दाढेला बारीकशी कीड लागली होती. पडद्यावर आता बायकोचं तोंड दाखवता येत नव्हतं, म्हणून मुलीची दाढ तिथेच, सगळ्यांसमोर, चिरंजीवनं भरायची. आधी घरात, मग दारात. रेवा आठवडाभर मैत्रिणींना सांगत फिरत होती, की मी स्क्रीनवर दिसणार आहे.

जेवणं आटोपत आली तेव्हा वृषालीनं अहवाल त्याच्या पुढ्यात ठेवला. सासूबाई पलीकडे मटार सोलत बसल्या होत्या. परागनं तो वाचला, परत वाचला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते आश्चर्य नव्हतं. वृषालीनं ते बघितलं.

हा यंत्राचा अंदाज आहे, तो म्हणाला. अजून पक्का पुरावा म्हणून कुणी मानत नाही. आणि मानला तरी काय? शंभरातल्या एखाद-दुसऱ्याला असं होणारच, कुठलं औषध सगळ्यांना मानवतं? बाकी अठ्ठ्याण्णव पोरांचे दात जन्मभर टिकतील, त्याचा विचार कर. तो दवाखान्यातल्या आवाजात बोलत होता, पेशंटला समजावताना काढायचा तो.

"आणखी कुणाला झालंय?" तिनं विचारलं.

तो ताटातल्या भाताशी बोटांनी खेळत राहिला.

"पराग, आणखी कुणाला?"

"दोघी आल्या होत्या," तो म्हणाला. "पण बायकांना ताण असतोच गं."

ही दोन वर्षं वृषालीनं गिळलेला सगळा राग तिथे वर आला. ती ओरडली नाही. ओरडायला तोंड मोठं उघडावं लागतं आणि तिचं तोंड तेवढं उघडत नव्हतं. ती हळू आवाजात बोलली, पण त्या आवाजानं मटार सोलणारे हात थांबले. ती म्हणाली, की दोन वर्षं मी मीठ खाल्लं नाही. दोन वर्षं मी स्वतःला दोष दिला, रागावले की वाटायचं आता जखम वाढणार, रडले की वाटायचं आता वाढणार. तू जगाच्या तोंडात बघतोस आणि शेजारी झोपलेल्या बाईला एकदा आ कर म्हणाला नाहीस. तुला बघायचंच नव्हतं. बघितलं असतं तर दिसलं असतं, जखम बरोब्बर तुझ्या भरावासमोर आहे.

परागनं अहवालाची घडी घातली.

"रेवाला मी खुर्चीत बसू देणार नाही," ती म्हणाली.

मग त्यानं मान हलवली आणि एक पाऊल मागे घेतल्यासारखं मोठ्या मनानं म्हणाला, "बरं. रेवाला नको. शाळेतलंच दुसरं कुणीतरी पोर बसवतो."

वृषाली त्याच्याकडे बघत राहिली. हा माणूस वाईट आहे, असं तिला सोळा वर्षांत कधी वाटलं नव्हतं. आताही तो वाईट दिसत नव्हता, नेहमीसारखाच दिसत होता, आणि तेच तिला सहन होईना. आपल्या पोरीला धोका आहे हे त्याला पटलं होतं. पटलं नसतं तर त्यानं रेवाला सोडलं नसतं. आणि तरी तो रविवारी दुसऱ्याच्या पोरीची दाढ भरणार होता.

सासूबाई मटारांचं ताट घेऊन उठल्या. चारचौघांत सुनेच्या जिभेचा उद्धार करणारी ही बाई दाराशी थांबली आणि लेकाकडे न बघताच म्हणाली, "अण्णा औषध आधी आपल्या जिभेवर ठेवायचे, पराग. माझ्या नाही."

त्या आत गेल्या. त्यानंतर घरात त्या विषयावर कुणी बोललं नाही. परागला वाटलं, विषय मिटला. वृषाली गप्प झाली की विषय मिटतो, असा त्याचा अनुभव होता.

रविवारी शाळेच्या पटांगणात मांडव होता. मधोमध घडीची दंतखुर्ची, तिच्यावर दिवा, मागे मोठा पडदा. आईबाप सतरंज्यांवर बसले होते. पोरं गणवेशात रांगेनं उभी होती आणि आपली पाळी आली की काय होणार म्हणून एकमेकांना कोपरखळ्या मारत होती. मुख्याध्यापकांचं भाषण झालं. परागचं झालं. माइक नेहमीप्रमाणे वृषालीकडे आला आणि दोन वेण्या घातलेली एक मुलगी नेहमीप्रमाणे खुर्चीत चढून बसली. तिचे पाय खालपर्यंत पोचत नव्हते.

परागनं हातमोजे चढवले. तो तिला सांगत होता, जे तो प्रत्येक पेशंटला सांगायचा, "घाबरायचं नाही. दुखलं तर डावा हात वर करायचा, मी लगेच थांबतो. कळलं?" मुलीनं मान डोलावली आणि आधीच डावा हात वर करून बघितला. पुढच्या रांगा हसल्या.

वृषाली खुर्चीपाशी गेली. "बाळा, जरा खाली उतर," ती म्हणाली. "आधी माझी पाळी आहे." मुलगी उतरली. वृषाली खुर्चीत बसली, पाच वर्षांपूर्वी बसायची तशी, आणि तोंडात धरायचा कॅमेरा हातात घेतला. परागला वाटलं, ती मदतीला आली. असं वाटल्यामुळेच तो दोन पावलं लांब उभा राहिला, आणि तेवढा वेळ तिला पुरला.

पडद्यावर तिचा गाल आला. मांडवभर पसरलेलं पांढरं जाळं, जाळ्यातली लालभडक सोललेली कातडी, आणि त्याच्या अगदी समोर तीन चकचकीत दाढा. कुणीतरी 'आई गं' म्हणालं. तिनं कॅमेरा फिरवला आणि दुसरा गाल दाखवला. तिला भयंकर दुखत होतं. तिनं घाई केली नाही.

मग कॅमेरा काढून ती माइकमध्ये बोलली.

"हे माझं तोंड. डॉक्टरांच्या बायकोचं. पाच वर्षांपूर्वी मी ते तुमच्याच पोरांना उघडून दाखवलं होतं, तेव्हा ते चांगलं होतं. हा रोग कुणाला लागत नाही, लांब सरकू नका. हा भराव बसवला की सगळ्यांनाच असं होतं, असंही नाही. पण कुणाला होईल ते आता आधी रक्त तपासून कळतं. आमच्या घरात ते कळलं, म्हणून आमची पोरगी आज या खुर्चीत नाही. तुमची होती."

मग दोन वेण्यांच्या मुलीची आई उठली आणि मुलीला दंडाला धरून आपल्या जागेवर घेऊन गेली. पाठोपाठ रांग मोडली. मागच्या बाजूनं शाळेत खिचडी शिजवणारी बाई पदर तोंडाशी धरून उभी राहिली.

"मला बी असंच हाय," ती म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलं, टेन्शन हाय."

"तुम्हाला टेन्शन नाही, मावशी," वृषाली म्हणाली. "उद्या सकाळी सरकारी दवाखान्यात या. मी बरोबर येते."

मांडवातून आवाज चढायला लागले. मुख्याध्यापक हात जोडून लोकांना खाली बसवत होते आणि कुणी बसत नव्हतं. परागनं जवळ येऊन माइक बंद केला.

"वृषाली, घरी चल."

"काढ," ती म्हणाली.

"काय काढ?"

"तिन्ही. तुझ्याच हातानं."

"इथे? असं उघड्यावर? हे कसं—"

"बसवायला इथं चालणार होतं ना?"

ती मागे टेकली. लोक खुर्चीभोवती गोळा झाले होते. पुढे सासूबाई होत्या, त्यांच्या हातात रेवाचा हात घट्ट धरलेला होता आणि रेवा बापाकडे बघत होती. परागनं एकदा मांडवाच्या दाराकडे बघितलं. जायला वाट होती, पण सगळ्यांच्या मधून. मग तो खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसला. त्यानं हातमोजे बदलले, दिवा खाली ओढला, सुईत औषध भरलं. हातांना सवय होती म्हणून ते चालत होते. तोंडालाही सवय होती.

"दुखलं तर डावा हात वर करा," तो म्हणाला.

वृषालीनं डावा हात वर केला. दिव्याच्या उजेडात मनगटावरचं जांभळं कडं चकाकलं.

"दोन वर्षं वरच आहे तो, डॉक्टर."

मग तिनं तोंड उघडलं, आणि त्याला बघावं लागलं.